'मूळ नाही' हे कळलं, अवयव मात्र २७ वर्षांनी मिळाले

आजची पोस्ट एकाच संख्येबद्दल आहे: १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. एकवीस अंकी. म्हणजेच २चा ६७वा घात वजा १.

१६४४ मध्ये पॅरिसच्या मारँ मर्सेन या धर्मगुरूने एक यादी छापली. २चा कितवा घात घेऊन १ वजा केला की मूळ संख्या मिळते? त्याचं उत्तर: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७, आणि २५७पर्यंत फक्त एवढेच. सिद्धता दिली नव्हती. तरीही ६७ त्या यादीत दोनशेहून जास्त वर्षं टिकला.

१८७६ मध्ये फ्रेंच गणिती एदुआर लुका याने दाखवलं, की ही संख्या मूळ नाही. गंमत म्हणजे तिचा एकही अवयव त्याच्या हातात नव्हता! हे कसं शक्य आहे?

लुकाची कसोटी पुढे लेहमरने सोपी केली. तिचं आजचं रूप असं: ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, दिलेल्या संख्येने भागून बाकी ठेवा. हे (घात वजा २) वेळा करायचं. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. ३१ म्हणजे २चा ५वा घात वजा १, म्हणून तीन वेळा: ४, १४, ८, ०. म्हणजे ३१ मूळ. ६७साठी हेच ६५ वेळा करावं लागतं, आणि शेवटी शून्य येत नाही.

मग अवयव कोणते? ते १९०३ मध्ये अमेरिकन गणिती फ्रँक नेल्सन कोल याने दिले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. आंधळेपणाने भागत बसून हे जमत नाही. या संख्येचा प्रत्येक अवयव १३४च्या पटीपेक्षा १ने जास्तच असतो. करून बघा: १३४ × १४,४५,५८० + १ = १९,३७,०७,७२१. वर्गशेष वापरून कोलने आणखी अटी लावल्या आणि शक्यता कमी करत नेल्या.

कोलने सभेत एक शब्दही न बोलता फळ्यावर गुणाकार केला, आणि या कामाला 'तीन वर्षांचे रविवार' लागले, असा किस्सा तुम्ही ऐकला असेल. तो एरिक टेंपल बेल याने १९५१च्या पुस्तकात, जवळजवळ अर्ध्या शतकानंतर सांगितला. थिसिसमध्ये वापरायचा तर 'बेल सांगतो' असंच लिहा. कोलची पद्धत मात्र त्याच्या १९०३च्या शोधनिबंधातच वाचा.

संशोधनाच्या तयारीत असलेल्यांसाठी मला इथे महत्त्वाचं वाटतं ते हे: 'अवयव आहेत' हे सिद्ध करणं, ते शोधणं आणि सापडलेले तपासणं ही तीन वेगळी कामं आहेत. तिसरं कागद-पेन घेऊन आज संध्याकाळी होईल. दुसऱ्याला लुकानंतर २७ वर्षं लागली. म्हणून लुकाचं काम अर्धवट ठरत नाही. त्याने एका प्रश्नाचं पूर्ण उत्तर दिलं होतं. आपला प्रश्न यातला नेमका कोणता, हे प्रपोजल लिहायच्या आधी ठरवा.