मूळचे कुठले?

तांबट आळीत माझ्या आजोबांना डोळे मिटून सांगता येई, आज कोणाच्या दारात बंब चढलाय आणि कोण घंगाळ मठारतंय. ठोक्यावरून घर ओळखायचं. माणूस ओळखायची त्यांची रीत मात्र याहून सोपी होती. ओटीवर कोणीही टेकला की पहिला प्रश्न, "मूळचे कुठले?" उत्तर आलं की चहा.

स्वतःचं उत्तर त्यांच्या जिभेवर तयार असे. आपण कोकणातले. पेशव्यांनी तोफांच्या आणि नाण्यांच्या कामाला घाटावर आणलं. १८१८ साली राज्य गेलं, तेव्हा तेच हात हंडे-कळश्यांकडे वळले. आळीतल्या बहुतेक घरांत थोड्याफार फरकानं हीच गोष्ट ऐकायला मिळते. आमच्या घरी तिचा एक कागदही नाही. आजोबांचं त्यावाचून कधी अडलं नाही.

आजीचा आवाका मोठा. ती थेट मुरार जगदेवापासून सुरू करायची. १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या या सरदारानं पुणं जाळलं, गाढवाचा नांगर फिरवला, पहार ठोकली. पुढे जिजाऊ आल्या, बाळ शिवाजीच्या हातून सोन्याचा नांगर फिरला, कसब्याचा गणपती बसला. हे सगळं रंगवून झालं की हळूच म्हणायची, "आता सांग, ओसाड रानात राहायला आलं कोण? सगळे आलेलेच की!" आजोबा यावर काही बोलत नसत.

त्यांच्या तरुणपणीची एक हकीकत ते हसत सांगत. कॉलेजातली काही माणसं आळीत आली, लोखंडी कंपासासारखं काहीतरी काढून एकेकाचं डोकं, नाक, उंची मोजून वहीत लिहून गेली. "नाक मोजून जात कळते म्हणे. मग सोयरीक जुळवायला पट्टीच घेऊन जाऊ की!"

त्या हसण्यामागे एक गंभीर प्रकरण होतं. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांचा ठाम सिद्धान्त असा की नाक जितकं पसरट, तितकी जात खालची. वर्ण म्हणजे मुळात वंशच. साहेबानं आकड्यांत सांगितलं म्हणून आपल्याकडच्या शिकलेल्यांनाही ते पटलं. स्वतःला आर्य म्हणवून घेण्यात पुण्यातल्या पेठा काही मागे नव्हत्या.

या मापांना सुरुंग लावणारी बाईही पुण्याचीच निघाली. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे ब्रह्मदेशात जन्मल्या, म्हणून नाव तिथल्या नदीचं. शिकल्या हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये. १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, पुढे ज्यांच्या वंशशास्त्राचा नात्सींना मोठा आधार झाला तेच. गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात आणि त्यातच त्याच्या बुद्धीचं मूळ आहे, अशी फिशर यांची अटकळ. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. त्यांत जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतीतून आणलेल्याही होत्या. निष्कर्ष लिहिला तो असा की या फरकाचा वंशाशी संबंध नाही. परक्या देशात, गुरूच्याच संस्थेत बसून विशीतल्या मुलीनं हे लिहिलं. आमच्याकडे त्यांची आठवण निघते ती 'युगान्त' या पुस्तकामुळे, नाहीतर पुण्यात स्कूटर चालवणारी बाई म्हणून. या धाडसाचं नाव कुणी काढत नाही, याचा मला राग येतो.

पण त्यांनी मोजपट्टी फेकून दिली, असं मात्र नाही. डेक्कन कॉलेजात आल्यावरही त्या महाराष्ट्रभर माणसं मोजत हिंडल्या. मला हे खटकतं. तरी त्याच खटाटोपातून हाती आलं ते रिस्लेच्या उलट. समाजशास्त्रज्ञ घुर्ये त्यांचे मुंबईतले गुरू. ते मानत, एक जात फुटून पोटजाती झाल्या. बाईंचं म्हणणं, निरनिराळे समूह एका धंद्यापाशी येऊन एका नावाखाली बसले. त्यासाठी त्या दाखला देत कुंभारांचा. धंदा एक, नाव एक. पण चाक निराळं, मडकं घडवायची रीत निराळी आणि मुली द्यायच्या त्या आपापल्यातच. १९६८ साली कैलाश मल्होत्रांबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण गटांची शारीरिक तुलना छापली, तिथेही एकाच नावाखाली वेगवेगळी माणसं निघाली.

आमच्या आळीपासून कुंभारवेस हाकेच्या अंतरावर. संक्रांतीची सुगडं आणायला आजी मला तिकडे न्यायची. तिथली प्रत्येक म्हातारी आपलं गाव निराळंच सांगे. आजीला त्याचं नवल नव्हतं. ती तर पहिल्यापासून तेच सांगत होती.

२०२७ च्या जनगणनेत जात विचारणार, असं सरकारनं जाहीर केल्यापासून आमच्या घरात वाद पेटलाय. सगळ्या जाती जनगणनेत शेवटच्या मोजल्या १९३१ साली, तेव्हा पणजोबांनी काय सांगितलं कोण जाणे. धाकटा काका म्हणतो, 'त्वष्टा कासार' लिहा, तेच आपलं खरं नाव. थोरला म्हणतो, साऱ्या गावानं तांबट म्हटलं, तांबटच लिहा. चुलतभावाला घोर आहे तो दाखल्याचा. कागदोपत्री एक नाव आणि गणनेत दुसरं, असं व्हायला नको. मोजलंच पाहिजे, असं माझं मत आहे; कोणाच्या वाट्याला काय आलं, ते मोजल्याशिवाय कळणार कसं? पण घरातलं हे भांडण ऐकलं की नोंदवहीतल्या त्या एका शब्दावर माझा फार भरवसा बसत नाही.

परवा न्यू जर्सीहून पुतणीचा फोन आला, तेव्हाही हाच विषय निघाला. तिकडच्या फॉर्मवर वंशाचा रकाना असतो, त्यात ती 'एशियन इंडियन' लिहिते. 'एशियन इंडियन' हा पर्याय १९८० चा. १९७० च्या अमेरिकन जनगणनेत भारतीयांना गोऱ्यांत मोजलं होतं. हे ऐकून थोरल्या काकांना एकदम त्यांचा मामा आठवला, साठच्या दशकात शिकागोला गेलेला.

"म्हणजे आमचा मामा दहा वर्षं गोरा होता?" काकांनी विचारलं. "अन् इथे मामी मिळवून देताना त्याचा रंग सावळा म्हणून किती खेटे घालावे लागले होते!"