सूप गरम राहिलं, पण…

लग्नाच्या बुफेत सूपच्या भांड्याखाली गरम पाण्याचा ट्रे असतो, तो तुम्ही पाहिला असेल. केटरिंगवाले त्याला ‘बेन मारी’ म्हणतात. उघडं पाणी १०० अंशांपुढे तापत नाही, म्हणून सूप तासन्‌तास गरम राहतं आणि करपत नाही.

एप्रिल १८४७ मध्ये हीच युक्ती डब्लिनमध्ये भुकेल्यांसाठी वापरली गेली. बटाट्याचं पीक सडल्याने आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला होता. लंडनच्या रिफॉर्म क्लबचा शेफ अलेक्सिस सोयेर याने तिथे सूपखाना उभारला. मधोमध ३०० गॅलनचा, म्हणजे सुमारे १,३६० लिटरचा बॉयलर आणि भोवती बेन मारीची झाकणबंद भांडी. घंटा वाजली की १०० माणसं आत येत. १०० वाडगे मांडलेले, चमचे साखळीने बांधलेले. सूप तयार आणि गरमच असे. ती उठली की पुढची १०० आत.

उद्घाटनाला प्रतिष्ठित मंडळी हे बघायला आली होती. डॉक्टरांनी मात्र वेगळाच सवाल केला: इतक्या पातळ सूपवर माणूस जगेल का?

सूप गरम कसं ठेवायचं, हे सोयेरने सोडवलं. त्यात किती अन्न असावं, हा प्रश्न उरलाच.