पुनर्जन्माचा वाद आणि नीळकंठशास्त्री गोरे

ख्रिस्ती श्रद्धेत पुनर्जन्म बसतो का, या वादात नीळकंठशास्त्री गोरे (१८२५–१८९५) आधी एका बाजूने लढले, मग दुसऱ्या. गोरे चित्पावन, घराणे काशीत स्थायिक झालेले. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ लिहून संस्कृतातच हिंदू शास्त्रांना आव्हान दिले. सिहोरच्या सुबाजी बापू या मराठी शास्त्र्यांनी लगोलग उत्तर दिले. पुढे जेमतेम विशीतल्या गोऱ्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ रचला. त्यातला मुद्दा आजही बोचरा आहे: तान्हे मूल आजाराने तळमळते, मुकी जनावरे हाल सोसतात, पूर्वजन्मीचे कर्म मानले नाही, तर देव अन्यायी ठरतो.

१८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या गोरे झाले आणि १८६० च्या ‘षड्दर्शन दर्पण’ या हिंदी ग्रंथात त्यांनी सहाही दर्शनांचे खंडन केले. मात्र तान्ह्या मुलाचा प्रश्न धर्मांतराने मिटणारा नव्हता. योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय ९) शिष्य विचारतात, हा जन्मांध झाला तो कोणाच्या पापामुळे? याच्या की आईबापांच्या? पुनर्जन्माचे समर्थक या प्रश्नावर बोट ठेवतात. येशूचे उत्तर ते सहसा सोडून देतात. तो दोन्ही कारणे नाकारतो. पापाचा हिशेब मागच्या जन्मावर टाकण्याची वाट तिथे बंद होते, पण दुःखाचे कोडे उरतेच.

इब्री लोकांस पत्रानुसार (९:२७) माणसाला एकदाच मरण आणि त्यानंतर न्याय. त्याच्या जोडीला देहाच्या पुनरुत्थानाची श्रद्धा आहे. आत्म्याने अनेक देह धारण केले असतील, तर त्यांपैकी उठायचा कोणता, हा पेच उभा राहतो. इ. स. ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने बायबलातून पुनर्जन्म काढून टाकला, ही कथा मात्र निराधार आहे. त्या सभेशी जोडला जाणारा निषेध ऑरिजेन या आद्य ख्रिस्ती धर्मविचारकाच्या नावाने चाललेल्या आत्म्याच्या पूर्वास्तित्वाच्या मताचा आहे. खुद्द ऑरिजेनने मत्तयावरील भाष्यात देहांतराची कल्पना नाकारली होती. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ (१९९२) तर मृत्यूनंतर पुनर्जन्म नाही, असे स्पष्टच सांगतो.

उत्तन-भाईंदरच्या पट्ट्यातले कॅथलिक दरवर्षी २ नोव्हेंबरला मृतांसाठी प्रार्थना करतात. तीही याच शिकवणीवर उभी आहे: आत्मा शुद्धिस्थानात, म्हणजे मरणोत्तर शुद्धीच्या अवस्थेत आहे, दुसऱ्या पोटी नाही. लोकमानस इतके काटेकोर नसते. प्यू या सर्वेक्षण संस्थेच्या २०२१ च्या अहवालानुसार निम्म्याहून अधिक भारतीय ख्रिस्ती कर्म मानतात आणि सुमारे तीन दशांश पुनर्जन्मही.