पाच तासांची शांतता

मुंबईच्या काळा घोडा भागात एस्प्लनेड मॅन्शन नावाची एक जुनी, खंगलेली इमारत आहे. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणला गेला आणि 1867 ते 1869 या काळात इथे जोडला गेला. 1871 मध्ये तिथे वॉटसन्स हॉटेल सुरू झाले. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे भारतात प्रथम दाखवली गेली ती याच हॉटेलात, म्हणून चित्रपटाच्या इतिहासात ते अमर झाले आहे. पण त्याच वर्षीच्या जानेवारीत तिथे मार्क ट्वेन उतरला होता आणि त्याने तिथल्या रात्रीची जी नोंद केली, तिच्याकडे आपण पुरेसे गंभीरपणे पाहिलेले नाही. ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या 1897 च्या प्रवासवर्णनात तो सांगतो की, एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर हुकूम ओरडून सांगितले जात होते आणि ऐकणाऱ्याला दंगल उसळल्यासारखे वाटत होते. त्यात पक्ष्यांचा कलकलाट आणि स्फोटासारखे आवाज. मध्यरात्रीनंतर सारे शांत झाले, पहाटे पाचपर्यंत शांत राहिले आणि मग कावळ्याने पुन्हा सुरुवात केली. हा उतारा विनोद म्हणून वाचला जातो. माझ्या मते तो एक पुरावा आहे. हॉटेल या व्यवसायाने आपल्याकडे पहिल्यापासून खोली विकली, झोप मात्र विकलेल्या मालात कधी धरलीच नाही, असे तो सांगतो.

ट्वेन विनोदी लेखक होता, अतिशयोक्ती हा त्याचा धर्मच होता, तेव्हा त्याची साक्ष का मानावी, असे कोणी म्हणेल. अतिशयोक्ती आवाजाचे प्रमाण वाढवते, हे खरे. पण आवाज कुठून येतो, हे विनोदासाठी बदलण्याचे कारण नसते. मजल्यामजल्यांवरून ओरडून निरोप देणे ही त्या काळच्या मोठ्या हॉटेलातल्या कामाची रीतच असणार. खोल्यांमध्ये टेलिफोन नव्हते, पाहुणा काही मागे तेव्हा निरोप माणसाच्या आवाजावरच खाली जायचा. आणि त्याच्या कथनातला सर्वांत बोलका तपशील गोंगाटाचा नाही, शांततेचा आहे. मध्यरात्र ते पहाटे पाच या वेळात हॉटेल झोपले, म्हणजे ते झोपू शकत होते. काम थांबले आणि गलका थांबला. रात्रीचा आवाज ही हवापाण्याची किंवा लोकस्वभावाची देणगी असती, तर तो मध्यरात्री घड्याळ पाहून बंद झाला नसता. पुढे टेलिफोनसारख्या साधनांनी तो हाकाटा बराचसा मिटवला. त्यासाठी नोकरांचा स्वभाव बदलावा लागला नाही, कामाची साधने बदलावी लागली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपल्याकडचा प्रवासी शतकानुशतके धर्मशाळांत आणि सराईंत उतरत आला. अहिल्याबाई होळकरांनी तीर्थक्षेत्रांत धर्मशाळा आणि घाट बांधले, पंढरपुरात वारकरी आजही मठांत आणि धर्मशाळांत दाटीवाटीने मुक्काम करतात. तिथे रात्री भजन चालते, लहान मूल रडते, कोणी पहाटे तीनला उठून स्नानाला निघतो. तिथे कोणी तक्रार केली नाही, मग हॉटेलातच का करावी? उत्तर व्यवहाराच्या स्वरूपात आहे. धर्मशाळा पुण्यासाठी बांधलेली असते, दात्याने छप्पर द्यायचे आणि उतारूने ते इतरांबरोबर वाटून घ्यायचे. तिथला आवाज बहुधा त्याच यात्रेचा असतो जिच्यासाठी सगळे आलेले असतात. हॉटेलात उतारू गिऱ्हाईक होतो. तो चार भिंती, दार आणि कडी यांचे पैसे मोजतो, म्हणजे इतरांपासून वेगळे राहण्याचे पैसे मोजतो. त्या भिंतीतून शेजारची रात्र आत येत असेल, तर विकलेली वस्तू अपुरी आहे. दानात जे सोसायचे असते, ते विक्रीत सोसण्याचे कारण नाही.

पण हॉटेलाची अडचण अशी की, ते एकाच छपराखाली दोन परस्परविरोधी गोष्टी विकत आले आहे. वॉटसन्सच्या मध्यभागी काचेच्या छताखाली मोकळा चौक होता, तिथे नृत्याचे कार्यक्रम रंगत आणि वरच्या मजल्यांवर लोक निजत. खाली मेजवानी, वर मुक्काम. आजच्या तालुक्याच्या गावातल्या ‘लॉजिंग-बोर्डिंग आणि मंगल कार्यालय’ अशा पाटीखाली हीच मांडणी उभी असते. लग्नाचा हॉल एका रात्रीत खोल्यांच्या कितीतरी पट कमाई करून देतो, म्हणून दोन्ही गिऱ्हाइकांत कुणाची बाजू घ्यायची हे आधीच ठरलेले असते. हॉलमध्ये नाचणाऱ्यांची यात काही चूक नाही. त्यांनीही पैसे मोजून आनंद विकत घेतलेला आहे. चूक आहे ती एकाच भिंतीच्या दोन बाजू दोघांना विकण्यात.

कायद्यानेही या भिंतीकडे उशिराच पाहिले. ब्रिटिश सरकारने 1867 मध्ये, म्हणजे वॉटसन्सचे लोखंड जोडले जाऊ लागले त्याच वर्षी, सराईंचा कायदा केला. त्यात सराई चालवणाऱ्याने स्वच्छता राखावी, भिंती आणि दारे दुरुस्त ठेवावीत, पहारेकरी नेमावेत, दरपत्रक लावावे अशी कर्तव्ये आहेत, उतारूच्या झोपेचा उल्लेख नाही. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्र म्हणजे दहा ते सहा असे ठरवले आणि त्या वेळेसाठी निवासी भागात 45, व्यापारी भागात 55 डेसिबलची मर्यादा घातली. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शांततेचा संबंध जगण्याच्या मूलभूत हक्काशी जोडला. पण 2000 च्या त्याच नियमांत रात्रीच्या ध्वनिक्षेपकबंदीतून बंदिस्त जागा वगळल्या आहेत आणि त्यात बँक्वेट हॉलचे नाव आहे. बंदिस्त म्हणजे रस्त्याच्या दृष्टीने बंदिस्त, वरच्या मजल्यावर निजलेल्याच्या दृष्टीने नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शक तत्त्वांत झोपण्याच्या खोलीतल्या सततच्या आवाजासाठी 30 डेसिबल सुचवले आहेत. आपले आकडे परिसराचे आहेत, खोलीचे नाहीत. ग्राहक संरक्षण कायद्याने मात्र 1986 पासूनच राहण्या-जेवणाची सोय ही ‘सेवा’ मानली आहे. म्हणजे झोप न मिळालेला गिऱ्हाईक नुसता चिडखोर ठरत नाही, त्याला सेवेतल्या उणिवेची तक्रार करता येते.

शहरात राहायचे तर आवाज आलाच, कावळ्याला कोण गप्प करणार, असेही म्हटले जाईल. कावळ्याला कोणी गप्प करू नये. पण ट्वेनच्या रात्रीत कावळा आणि मजल्यांवरचा हाकाटा हे दोन वेगळे आवाज होते आणि आपण ते वेगळे धरायला शिकले पाहिजे. पहिला सोसायचा असतो, दुसऱ्याला मालक असतो. हॉल आणि खोल्यांमध्ये एक मजला रिकामा सोडणे, दारांच्या फटी बुजवणे, कार्यक्रमाच्या रात्री खोली देण्यापूर्वी ते स्पष्ट सांगणे, हे सारे हॉटेलमालकाच्या हातात आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत ध्वनिरोधनाचे स्वतंत्र प्रकरणही आहे. 1896 मध्ये टेलिफोनविना, लोखंडी सांगाड्याच्या इमारतीत, एका पाहुण्याला पाच तास मिळाले. कायद्याने आज रात्र आठ तासांची मानली आहे. निदान तेवढी तरी खोलीच्या भाड्यात धरली जावी.