टाऊ : दोन वाटांनी आलेलं प्रथिन

मुंब्रा-पनवेल रस्त्याला कल्याणचा रस्ता इथं येऊन मिळतो, म्हणून आपला हा शीळफाटा. आज आपण ज्या टाऊ प्रथिनाचा इतिहास पाहणार आहोत, तोही असाच दोन वाटांनी आला. त्या वाटा एकमेकींना मिळायला मात्र जवळजवळ ऐंशी वर्षं गेली.

पहिली वाट रुग्णालयातली. १९०६ साली जर्मनीत ट्युबिंगेनला आलोइस अल्झायमर यांनी एका स्त्रीची हकीकत मांडली. पन्नाशीतच तिची स्मृती ढासळली होती. मृत्यूनंतर तिच्या मेंदूच्या पेशींत त्यांना धाग्यांची गुंतवळ दिसली. ती कशाची, हे कळलं नाही.

दुसरी वाट प्रयोगशाळेतली. आपल्या मज्जापेशीला लांब शेपूट असतं, अक्षतंतू. कण्यातून पावलापर्यंत जाणारा तंतू जवळपास मीटरभर लांब! त्यातली मालवाहतूक सूक्ष्मनलिकांवरून चालते. १९७५ मध्ये प्रिन्स्टनला मार्क किर्शनर आणि सहकाऱ्यांनी डुकराच्या मेंदूतून या नलिका जुळवणारं प्रथिन वेगळं केलं. तेच टाऊ.

त्याची गंमत बघा. अंड्याचा पांढरा बलक उकळला की गोठतो. टाऊ उकळूनही विरघळलेलंच राहतं, कारण त्याला ठरावीक घडीच नसते. म्हणून आजही लॅबमध्ये मिश्रण तापवतात, बाकीची बरीच प्रथिनं साकळून खाली बसतात आणि वरच्या पाण्यातून टाऊ घेतात.

१९८५-८६ च्या सुमारास दोन्ही वाटा मिळाल्या. अल्झायमरांची गुंतवळ टाऊचीच निघाली! त्याला फॉस्फेट जास्त चिकटलं होतं. असं टाऊ नलिकांवरची पकड सोडतं. पण हे कारण, की नुसता परिणाम? १९९८ मध्ये दिसलं, की टाऊच्या जनुकातला बिघाड एकटाच एका प्रकारचा स्मृतिभ्रंश घडवू शकतो.

मग काम सुरू झालं गुंतवळ थांबवण्याचं. परीक्षानळीत टाऊमध्ये हेपारिन घातलं की तसेच धागे बनतात. त्यात एखादं द्रव्य घालून ते अडतात का, हे तपासता येतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सुभाषचंद्रबोस चिन्नथंबी यांच्या गटानं अशी द्रव्यं तपासली, ग्रीन टीमधलं एक द्रव्यसुद्धा. पण नळीत धागा अडला म्हणजे औषध सापडलं असं नव्हे. उद्यापासून कुणी काढे सुरू करू नका.

आपण सहज म्हणतो, ‘साठी बुद्धी नाठी’. हा इतिहास सांगतो, की घरातलं म्हातारं माणूस नावं विसरू लागलं, तर त्याला वयाचा चळ म्हणून हसण्यावारी नेऊ नये. तो आजार असू शकतो. डॉक्टरांना दाखवावं.