दिवाळीची मिरवणूक आणि रोजची कचरागाडी

इंदूरच्या स्वच्छतेची कथा सांगताना आपण बहुधा २०१७ पासून आरंभ करतो. त्या वर्षीच्या स्वच्छ सर्वेक्षणात देशातील ४३४ शहरांमध्ये आपले शहर पहिले आले आणि पुढे सलग सात सर्वेक्षणांत ते स्थान त्याने टिकवले. या गौरवाचा आपल्या शाळेतील प्रत्येक पिढीला अभिमान आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु या कथेचा एक विसरलेला अध्याय त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, होळकरांच्या राज्यात घडला होता. शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त तो पुन्हा उघडून पाहणे उचित ठरेल. कारण शासन आणि नागरिक यांनी मिळून शहर कसे स्वच्छ करावे, या प्रश्नाचे मर्म त्यात दडलेले आहे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा शिरकाव झाला आणि पाहता पाहता ही साथ देशभर पसरली. तिच्याशी झुंजण्याचा एक मार्ग पुण्याने १८९७ मध्ये अनुभवला. गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घराघरांत शिरल्या, देवघरे व माजघरे तुडवली गेली, लोकांचे सामान रस्त्यावर आले. रोग हटवण्याचा हेतू कितीही खरा असला, तरी ज्यांच्यासाठी हे चालले होते त्यांनाच शत्रू मानल्यासारखी ती वागणूक होती. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर झाडल्या गेलेल्या गोळ्यांनी त्या संतापाला वाचा फोडली. केवळ हुकमाच्या बळावर राबवलेली स्वच्छता लोकांच्या मनात भीती आणि द्वेष यांखेरीज काही रुजवत नाही, हा त्या प्रकरणाचा धडा होता.

दुसरा मार्ग इंदूरने दाखवला. १९१७ मध्ये तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकारास शहराची पाहणी करण्यासाठी पाचारण केले. मूळचे जीवशास्त्रज्ञ असलेले गेडिस रुंद रस्त्यांसाठी जुन्या वस्त्या सपाट करण्याच्या विरोधात होते. मोजकीच पडझड काढावी, हवा व उजेड यांना वाट करून द्यावी आणि माणसांना त्यांच्या घरातच राहू द्यावे, असे त्यांचे मत. तरीही नकाशे घेऊन गल्लीबोळांत हिंडणाऱ्या या दाढीवाल्या साहेबाकडे लोक भयानेच पाहत. साहेब आला म्हणजे घर पाडणार किंवा प्लेग येणार, अशी समजूत! या भीतीवर उपाय काय, याचा विचार करताना त्यांनी दरबारकडे एक विलक्षण मागणी केली. आपणास एका दिवसापुरते महाराज करावे, असे त्यांनी सुचवले आणि दरबारने ते मान्य केले.

पुढची हकिकत गेडिस यांनीच सांगून ठेवली आहे. दिवाळीस शहरातून मोठी मिरवणूक निघेल, अशी दवंडी पिटण्यात आली. मात्र तिचा मार्ग आधी ठरवण्यात आला नाही. ज्या रस्त्यांवरील अधिकाधिक घरे झाडून, दुरुस्त करून, रंगवून सज्ज होतील, त्या रस्त्यांनी मिरवणूक जाईल, एवढेच जाहीर झाले. घरातून आणि अंगणातून निघणारा कचरा नगरपालिकेच्या गाड्या विनामूल्य वाहून नेणार होत्या. मग काय! आपल्या दारावरून मिरवणूक जावी म्हणून आळ्याआळ्यांत चढाओढ लागली. कोणावर सक्ती नव्हती, कोणाच्या घरात शिपाई शिरला नाही. पण वर्षानुवर्षांचा साठलेला केरकचरा गाड्या भरभरून गावाबाहेर गेला. दरबारने गाड्या दिल्या, लोकांनी हात दिले.

मिरवणुकीत कापणीच्या सुबत्तेचे देखावे होते, वाद्ये होती, घाणीचा अक्राळविक्राळ राक्षस होता आणि प्लेगचा अजस्र उंदीर होता. पण खरा कळसाचा भाग त्यानंतर आला. शहरातील झाडूवाले पांढरीशुभ्र नवी वस्त्रे लेवून, नवे झाडू घेऊन, फुलांच्या माळा घालून चालत होते. त्यांच्या गाड्यांचे बैल शिंगे रंगवून सजवले होते. प्रत्येकाच्या डोक्याला नवे पागोटे होते आणि त्याचा रंग वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या पागोट्यासारखाच, म्हणजे शहराचा रंग, होता. ज्यांची सावलीही टाळली जाई अशा माणसांना त्या काळात राजमार्गावरून मानाने चालवणे ही लहान गोष्ट नव्हती. त्यांच्यामागून लक्ष्मीचा रथ आला, नव्या नगराच्या योजनांचे देखावे आले. लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली. अखेरीस राक्षस आणि उंदीर यांना अग्नी देण्यात आला. साथ लवकरच ओसरली. त्यात ऋतुबदलाचा वाटा होताच. परंतु ‘प्लेग आणणारा साहेब’ आता लोकांचा आवडता झाला होता. १९१८ मध्ये गेडिस यांचा दोन खंडांचा अहवाल दरबारला सादर झाला.

याच भूमीत पुढे कचऱ्याकडे पाहण्याची दृष्टीही बदलली. १९२४ मध्ये येथे स्थापन झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण, राख व गोठ्यातील माती थरांनी रचून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत बसवली. १९३१ मध्ये दोघांच्या नावे तिचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ‘इंदूर पद्धत’ हे नाव जगभर गेले. आज जेथे कृषी महाविद्यालय आहे, तीच ही जागा. वाड यांनी पुढे हीच पद्धत मानवी वस्तीतील कचऱ्यालाही लागू करून दाखवली.

इतका वारसा लाभूनही पुढील काही दशकांत आपण तो विसरलो, हे मान्य केले पाहिजे. शहर वाढले, प्लॅस्टिक आले, आणि ओला-सुका सारा कचरा एकत्र होऊन कोपऱ्यावरच्या पेटीत व तेथून देवगुराडियाच्या मैदानात जाऊन पडू लागला. त्या पेट्यांभोवती फिरणारी गुरे आणि कुत्री आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या वाटेवर पाहिली असतील. मिरवणूक एका दिवसाची होती; तिच्यातील चढाओढ रोजची सवय झाली नाही. गेडिस यांच्या प्रयोगाची मर्यादा नेमकी हीच होती.

२०१६ च्या सर्वेक्षणात इंदूर ७३ शहरांत पंचविसावे होते. तेथून पहिल्या स्थानापर्यंतचा प्रवास हुकमाने झाला, तसा केवळ उत्साहानेही झाला नाही. त्याच वर्षीच्या केंद्रीय नियमांनी कचरा उगमस्थानीच वेगळा करणे बंधनकारक केले. महापालिकेने आधी निवडक प्रभागांत आणि मग सर्वत्र घरोघरी गाडी पाठवण्यास प्रारंभ केला, रस्त्यावरच्या पेट्या हटवल्या, रात्रीची सफाई सुरू केली आणि नियम मोडणाऱ्यांस दंड ठोठावला. दुसरीकडे स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते दारोदार जाऊन ओला व सुका कचरा वेगळा कसा ठेवावा, हे शिकवत राहिले. रहिवासी संघ, महिला बचत गट, व्यापारी आणि शाळकरी मुले त्यात सामील झाली. कचरा वेचणाऱ्या अनेक स्त्रियांना वर्गीकरण केंद्रांत नियमित काम मिळाले. देवगुराडियाचा सुमारे १५ लाख टनांचा जुना ढिगारा उपसला गेला आणि २०२२ मध्ये तेथेच दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू तयार करणारा प्रकल्प उभा राहिला. त्या प्रकल्पाचे यंत्र प्रचंड आहे. परंतु त्यात जाणारा ओला कचरा स्वच्छ नसेल, तर ते निकामी ठरते. म्हणजेच या अवाढव्य यंत्रणेची पहिली कळ आपल्या स्वयंपाकघरात आहे.

रंगपंचमीच्या गेरीनंतर राजवाड्याचा परिसर काही तासांत पुन्हा लखलखीत होतो, तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. इतिहास मात्र आपणास अधिक अवघड प्रश्न विचारतो. १९१७ च्या मिरवणुकीत झाडूवाल्याच्या डोक्यावर नगराधिकाऱ्याच्या रंगाचे पागोटे होते. आज दारी येणाऱ्या कचरागाडीवरील मनुष्यास आपण नावाने ओळखतो का? त्याच्या हाती काच आणि सुया मिसळलेला कचरा देताना आपला हात अडखळतो का? पुरस्कारांची यादी कधीतरी थांबेल. स्पर्धेचा तो स्वभावच आहे. त्यानंतरही सकाळी गाडी येणे हे शासनाचे काम, आणि दोन डबे वेगळे भरून तिच्यापाशी उभे राहणे हे आपले. पागोट्याचा तो मान आणि डब्यांची ही सवय या दोन्ही गोष्टी मुलांना शिकवण्यास घर आणि शाळा यांच्याहून योग्य जागा कोणती?