भूमिगतांचे बिऱ्हाड

सुरतेजवळच्या सरस गावात २५ मार्च १९२० रोजी उषाबेन मेहता यांचा जन्म झाला. वडील इंग्रज सरकारच्या नोकरीत न्यायाधीश, आणि मुलीला लहानपणापासून चळवळीचे वेड. वडिलांना ते मान्य होणे शक्यच नव्हते. पुढे ते निवृत्त झाले, कुटुंब मुंबईला गेले आणि उषाबेनची वाट मोकळी झाली. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे सगळे मोठे पुढारी पकडले गेले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, २७ ऑगस्टला, या बावीस वर्षांच्या मुलीने आणि तिच्या सोबत्यांनी मुंबईत गुप्त 'काँग्रेस रेडिओ' सुरू केला. त्या वर्षी गणपती बसले तेव्हा हा रेडिओ रोज बोलत होता. पोलीस माग काढत होते आणि यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात हलत होते.

हा इतिहास आपण शाळेत दोन ओळींत शिकलो. भूमिगत म्हणजे वेशांतर, पिस्तूल आणि रात्रीचा प्रवास, असे काहीसे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. पण लपून राहणे म्हणजे मुख्यतः दिवसच्या दिवस एका खोलीत, त्याच चार माणसांबरोबर राहणे. बाहेर पाऊल टाकता येत नाही, मोठ्याने बोलता येत नाही, घरच्यांची खबर नाही. अशा वेळी माणसाचा मूळ स्वभाव झाकून राहत नाही.

याचे सर्वांत बारीक चित्रण जगाला एका तेरा वर्षांच्या मुलीने दिले. आपल्याकडे 'चले जाव'ची घोषणा होण्याच्या महिनाभर आधी, ६ जुलै १९४२ रोजी, हॉलंडमधल्या ॲमस्टरडॅम शहरात ॲन फ्रँकचे ज्यू कुटुंब वडिलांच्या कचेरीच्या मागच्या भागात लपायला गेले. हिटलरची राजवट ज्यूंना घराघरांतून उचलून नेत होती. फ्रँक कुटुंबातले चौघे, व्हान पेल्स कुटुंबातले तिघे आणि फेफर नावाचे दंतवैद्य, अशी आठ माणसे तिथे लपून राहिली. खाली कचेरीचे काम चाले, म्हणून दिवसा पावलांचा आवाज नाही, नळाचा आवाज नाही. ॲनच्या रोजनिशीत युद्धाच्या बातम्या आहेतच, पण त्याहून जास्त आहेत ती भांडणे. बटाटे कोणाला किती, भांडी कोणाची वापरायची, खोलीतल्या एकुलत्या टेबलावर दुपारी ॲनने बसायचे की फेफरसाहेबांनी! आई आणि मुलीचे पटत नाही. वडील समजूत घालत फिरतात. ही आठही माणसे वाईट नव्हती. भीती आणि जागेची टंचाई यांनी त्यांच्या स्वभावाचे कंगोरे टोकदार केले होते.

आपल्याकडच्या बेचाळीसच्या भूमिगतांबद्दल असे फार थोडे लिहिले गेले. पण जे माहीत आहे, त्यातूनही स्वभाव दिसतात.

मुंबईत समाजवादी भूमिगतांचे एक बिऱ्हाड होते. त्याला त्यांनीच नाव दिले होते 'मूषक महाल'. आपल्या गणरायाचे वाहन त्या जागेचे खरे मालक असावे! नाव ठेवणाऱ्यांचा विनोद शाबूत होता, हे त्यावरून कळते. एस. एम. जोशी यांच्यासारखा चित्पावन ब्राह्मण मौलवीच्या वेशात वावरत होता. त्याच वर्तुळात साने गुरुजी होते, हळवे, दुसऱ्याच्या दुःखाने लगेच डोळे भरून येणारे. अहमदनगरचे अच्युतराव पटवर्धन थिऑसॉफीच्या संस्कारात वाढलेले, शांत, अंतर्मुख आणि बेताचे बोलणारे. ते अखेरपर्यंत पोलिसांच्या हाती लागले नाहीत, आणि स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच राजकारण सोडून बाजूला झाले. एप्रिल १९४३ मध्ये छापा पडला आणि गुरुजींसह अनेकजण पकडले गेले.

यशवंतराव चव्हाणांचे उदाहरण वेगळे आहे. जून १९४२ मध्ये त्यांचे लग्न झाले आणि दोन महिन्यांत ते भूमिगत झाले. पोलिसांना ते सापडेनात, म्हणून नव्या नवरीला, वेणूताईंना, अटक झाली. सुटल्यावर त्या आजारी पडल्या आणि फलटणला माहेरी गेल्या. यशवंतराव त्यांना भेटायला गेले आणि तिथेच पकडले गेले. शिस्तीच्या दृष्टीने ही चूक म्हणता येईल. नवरा म्हणून दुसरे काय करायला हवे होते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

भूमिगतांमधला मोठा वाद साधनांचा होता. तारा तोडणे, रूळ उखडणे अहिंसेत बसते का? साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. दरोडेखोरांना आणि फितुरांना तिथे कडक शिक्षा होत, आणि त्यावरूनच 'पत्री सरकार' हे नाव पडले. पैसा लागे, म्हणून १४ एप्रिल १९४४ रोजी जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांच्या साथीदारांनी धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला. रक्कम सुमारे साडेपाच लाख. सुरत-भुसावळ लाइनने गावी जाणाऱ्या आपल्या खानदेशी मंडळींना दोंडाईचा-शिंदखेडा हा भाग चांगलाच ठाऊक आहे.

फितुरीची भीती तर सगळीकडे होती. कर्जत-माथेरान भागातल्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडून सरकारला हैराण केले होते. खबर फुटली आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील गोळीबारात धारातीर्थी पडले. उषाबेनचा रेडिओही यंत्र सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाने ठिकाण सांगितल्यामुळेच सापडला. १२ नोव्हेंबर १९४२ च्या त्या रात्री धोका कळूनही त्या पळाल्या नाहीत, प्रक्षेपण करायला गेल्या. पुढे महिनोन्महिने चौकशी झाली, पण त्यांनी तोंड उघडले नाही. एकाच गटात तोही माणूस होता आणि याही होत्या. कोण कुठे मोडेल, हे आधी कोणाला सांगता येत नाही.

१९४४ च्या मे महिन्यात गांधीजी सुटले. लपाछपी त्यांना कधीच मान्य नव्हती. भूमिगतांनी बाहेर येऊन स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन करावे, असा सल्ला त्यांनी दिला. जूनमध्ये त्यांनी अरुणा असफ अलींना पत्र लिहिले. तुझ्या धैर्याचे कौतुक आहे, पण प्रकृती ढासळली आहे, आता स्वाधीन हो, आणि तुझ्यावरचे पाच हजारांचे बक्षीस हरिजनकार्याला मिळू दे, असा त्याचा आशय होता. अरुणाताईंनी पत्र जपून ठेवले आणि सल्ला मानला नाही. १९४६ मध्ये वॉरंट रद्द झाले तेव्हाच त्या बाहेर आल्या. साताऱ्यातही प्रतिसरकारचे काम १९४६ पर्यंत चालू राहिले. गांधीजींचे ऐकायचे की नाही, हा त्या पिढीसाठी घरातल्या वडिलांना नाही म्हणण्याइतका कठीण प्रश्न होता. ज्यांनी ऐकले नाही, त्यांची बापूंवरची श्रद्धा कमी झाली नाही. बापूंनीही त्यांना परके मानले नाही.

इथे एक फरक मात्र विसरता येत नाही. आपले भूमिगत स्वतःच्या निश्चयाने लपले होते. बाहेर आले असते तर तुरुंग होता, आणि क्वचित सुटकाही. ॲनच्या कुटुंबाने काही केले नव्हते. त्यांचा जन्म हाच गुन्हा ठरला होता. ४ ऑगस्ट १९४४ रोजी ते पकडले गेले आणि आठांपैकी फक्त वडील ओटो फ्रँक छळछावणीतून जिवंत परतले. म्हणून दोन्ही दुःखे एका तागडीत तोलू नयेत. सारखी आहे ती खोली, आणि त्या खोलीचे दार उघडणारी माणसे. ॲमस्टरडॅमला मीप गीस आणि कचेरीतले तीन सहकारी दोन वर्षे धान्य, पुस्तके आणि बातम्या वर पोहोचवत राहिले. अटकेनंतर विखुरलेले रोजनिशीचे कागद मीपबाईंनीच उचलून ठेवले.

आपल्याकडची मीप गीस कोण? तिचे नाव आपल्याला माहीत नाही. सरकारी नोकरीमुळे कागदाची किंमत मी जाणतो, म्हणून हे लिहितो. केंद्र सरकारची स्वातंत्र्यसैनिक सन्मान पेन्शन १९७२ साली सुरू झाली. तिच्या नियमांत भूमिगताचीही सोय आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ भूमिगत असल्याचा पुरावा लागतो. घोषित फरारी, अटकेसाठी बक्षीस, किंवा बजावता न आलेला स्थानबद्धतेचा हुकूम, यांपैकी काहीतरी हवे. म्हणजे ज्याची नोंद इंग्रजांच्या पोलिसांनी केली, त्याचीच नोंद आपल्या सरकारकडे. नियमाला पुरावा हवाच, त्यात कोणाचा दोष नाही. पण ज्या बाईने 'पाहुणा आलाय' असे शेजाऱ्यांना सांगून परक्या माणसाला महिनोन्महिने जेवू घातले, पोरांच्या तोंडून शब्द निसटू नये म्हणून जीव मुठीत धरला, एकाचा राग आणि दुसऱ्याचा अबोला सांभाळला, तिच्या नावाचे वॉरंट कधी निघालेच नाही. ती पकडली गेली नाही, हेच तिचे यश, आणि त्यामुळेच ती कुठल्याही यादीत नाही.

त्या काळची माणसे आता जवळजवळ राहिली नाहीत, पण त्यांच्या सुना-नातवंडे आहेत. सुरतेतल्या आपल्या मंडळात सातारा-सांगलीकडची आणि खानदेशातली कितीतरी कुटुंबे आहेत. आजी सांगायची, आमच्या माळ्यावर कोणीतरी राहायचे, एवढे तरी काही घरांत ऐकलेले असेल. ते वहीत लिहून ठेवा. तो पाहुणा चिडका होता, त्याला आमटी तिखट लागायची, आजोबांशी त्याचा गांधीजींवरून वाद व्हायचा, हेही गाळू नका. भांडणे लिहिल्याने कोणी लहान होत नाही. भांडूनही त्यांनी एकमेकांना पोलिसांच्या हाती दिले नाही, हे त्यातूनच कळेल.

गणपती बाप्पा मोरया!